गोमाजी आणि कॅनडाचे आजोबा

निंबगव्हाणच्या बसस्टँडवर गोमाजी नावाचा एक कंडक्टर होता. इतका भोळा, की सांगितलेला शब्द तो कधी विसरत नसे.

त्या वर्षी एक चांगला नियम निघाला. पंचाहत्तरीपुढची माणसं बसने फुकट जायचीच, आता परदेशात राहणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ती सवलत मिळाली. माणूस जगात कुठेही राहो, गावच्या बसमध्ये त्याला जागा असावी, हे योग्यच होतं. फक्त ते गोमाजीला समजायला हवं होतं.

भाऊबीजेला सकाळीच कॅनडाहून हणमंतराव आले. वय अठ्ठ्याहत्तर. पिंपळदरीला त्यांची ब्याऐंशी वर्षांची गोदाअक्का ताट मांडून बसली होती. भावाला ओवाळल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेणार नव्हती.

सातची बस लागली.

"सवलत इथल्यांना," गोमाजी म्हणाला. "तुम्ही तिकडचे."

"मग तिकीट दे."

"छे! म्हाताऱ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत."

बस गेली. गोमाजी फेरी करून परतला तेव्हा स्टँडचे साहेब ओरडले, "गोमाजी, माणूस कुठला ते बघू नकोस. फक्त वय बघ!"

"बघतो, साहेब."

नऊच्या बसला एक जण जुनी लाकडी पेटी घेऊन आला.

"किती वर्षांची?" गोमाजीने विचारलं.

"शंभर तरी असेल. पणजीची आहे."

गोमाजीने पेटीला खिडकीजवळची जागा दिली. बस भरली. हणमंतराव खालीच राहिले.

"आजोबा, ती तुमच्यापेक्षा मोठी आहे," गोमाजी म्हणाला.

साहेब म्हणाले, "अरे, माणसाचं वय! पासपोर्ट बघ. फोटोतला माणूस तोच असला की बसव."

अकराच्या बसला गोमाजीने पासपोर्ट उघडला. फोटो बघितला. आजोबा बघितले.

"तुम्हीच आहात. पण छातीपर्यंत."

"म्हणजे?"

"तेवढे बसा. पाय कोणाचे, त्याचा पुरावा नाही."

बस गेली. गोमाजी परतला तोवर हणमंतराव रडकुंडीला आले होते. "अरे बाबा, माझी बहीण उपाशी बसलीय!"

साहेबांनी कपाळावर हात मारला. "गोमाजी, शेवटचं सांगतो. इथे राहणाऱ्याकडे सवलतीचं कार्ड माग. परदेशात राहणाऱ्याला काही विचारू नकोस. हाताला धरून थेट बहिणीच्या दारात ने!"

एकच्या बसला गोमाजीने आजोबांचा हात धरला. तो सोडलाच नाही. इतरांची तिकिटंही त्याने एकाच हाताने फाडली. पिंपळदरीला उतरून त्यांना अगदी अक्काच्या दारात उभं केलं.

अक्का ताट घेऊन धावली. "आलास रे हणम्या! किती वाळलास! आता परत नको जाऊस."

हणमंतरावांचे डोळे भरले. "नाही जात, अक्का. आता इथेच राहणार."

गोमाजी थबकला. "इथेच? नक्की?"

"अगदी नक्की!"

"मग कार्ड दाखवा."

"कार्ड कुठलं? आत्ता तर ठरवलं!"

"मग चला."

त्याने आजोबांना ओढत बसमध्ये नेलं. मागोमाग अक्का ताट घेऊन चढली. तिने आपलं कार्ड दाखवलं, दिवा पदराआड धरला आणि चालत्या बसमध्ये भावाला ओवाळून घेतलं. मग कुठे तिने लाडू तोंडात टाकला.

स्टँडवर साहेब बघतच राहिले. "अरे, यांना परत का आणलंस?"

"बिनकार्डाचे निघाले, साहेब. जिथून बसवले तिथे उतरवले." गोमाजीने घड्याळ बघितलं आणि मायेने म्हणाला, "आजोबा, शेवटची बस पाचला आहे. तेवढ्यात कॅनडात राहून या. मी जागा धरून ठेवतो."