जड गोळीचा साचा

आंबेखिंड नावाच्या गावात धातूच्या वस्तू ओतणारा बयाजी ओतारी राहायचा, आणि बयाजीच्या घरी त्याचा भोळा जावई राहायचा. जावयाचं नाव गोंदाजी.

गोंदाजी आळशी नव्हता. सांगितलेलं काम तो लगेच करायचा. घोटाळा तिथेच व्हायचा, कारण तो सांगितलेलंच करायचा. एकदा त्याची बायको अनसा म्हणाली, "अहो, दूध उतू जाईल, जरा बघा हं." गोंदाजी चुलीपुढे बसला आणि त्याने बघितलं. उतू जाईपर्यंत बघितलं. मग अनसाला जाऊन सांगितलं, "गेलं."

असे दिवस चालले होते. तेवढ्यात जहागिरीच्या धाकट्या सरकारांनी विलायतेहून एक पिस्तूल आणलं. मोठं नवलाचं पिस्तूल होतं. एकदा भरून ठेवायचं आणि चाप ओढत राहायचं. रिकामं काडतूस आपोआप बाहेर उडायचं, पुढचं आपोआप जागेवर यायचं. गावातली माणसं ते लांबूनच बघायची.

सरकारांनी ते हौसेसाठी आणलं नव्हतं. दर दसऱ्याला आंबेखिंडीच्या माळावर नेमबाजी व्हायची. दगडी ओट्यावर पत्र्याचा पोकळ कोंबडा उभा करायचे. त्याला नुसती गोळी लागून भागत नसे. कोंबडा पडला पाहिजे. पलीकडच्या जहागिरीचे दादासाहेब आपल्या लांब बंदुकीने तो दरवर्षी पाडायचे आणि जाताना धाकट्या सरकारांच्या तब्येतीची चौकशी करायचे.

सरकारांनी नव्या पिस्तुलाने सराव केला. गोळी लागली. टण्ण झालं. कोंबडा उभाच.

"गोळी हलकी पडते," सरकार म्हणाले. त्यांनी बयाजीला बोलावणं धाडलं. "बयाजी, या पिस्तुलाला ओतीव गोळी पाहिजे. चांगली जड. यंदा आम्ही हरलो, तर तुझ्या ओतशाळेला कुलूप. दुसरा ओतारी आणीन."

बयाजीच्या पायावर त्याच आठवड्यात गरम शिसं सांडलं होतं. पाय उशीवर ठेवून तो ओसरीत बसला होता. गोळी ओतायची तर आधी तिचा साचा आणायला हवा, आणि साचे मिळायचे तालुक्याच्या पेठेत. बयाजीने जावयाकडे पाहिलं. मग आढ्याकडे पाहिलं. मग पुन्हा जावयाकडे पाहिलं, कारण घरात दुसरं माणूस नव्हतं.

"जावईबापू, पेठेत हसनभाई साचेवाल्याकडे जा. जड गोळीचा साचा निवडून आणा. हलका आणू नका. माझी ओतशाळा त्यावर आहे. आणि तुमचंही सांगून ठेवतो. ओतशाळा गेली, तर तुम्ही तुमच्या गावाला. अनसा इथेच राहील."

अनसाशिवाय त्याला झोप लागायची नाही. 'झोपा आता' असं त्याला दुसरं कोण सांगणार?

तो तडक पेठेत गेला. हसनभाईने त्याच्यापुढे साचे मांडले. अडकित्त्यासारखे उघडणारे, दोन मुठींचे, लहान लहान. गोंदाजीने एक उचलला.

"हा हलका आहे."

"हा घ्या, पाहुणे."

"हाही हलका. याहून जड?"

"अहो, गोळीचे साचे एवढेच असतात."

"जड निवडून आणा म्हणून सांगितलंय." गोंदाजीने दुकानभर नजर फिरवली. कोपऱ्यात पोत्याखाली काहीतरी मोठं झाकलेलं होतं. "तो कशाचा?"

"तो देवळाच्या घंटेचा."

"जड आहे?"

"बैलजोडी लागते हलवायला."

"मग तोच."

संध्याकाळी दारात बैलगाडी थांबली. बयाजी ओसरीतूनच ओरडला, "हे काय आणलंत?"

"साचा, मामा."

"कशाचा?"

"जड."

बयाजीने कपाळावर हात मारला. तो दुखऱ्या पायाच्या बाजूला कलला, म्हणून आणखी एकदा ओरडला. मग म्हणाला, "जावईबापू, साचा जड असून काय करायचाय? बाहेरचं वजन बघू नका. आतलं जड पाहिजे. आतलं!"

"एवढंच ना?" गोंदाजी म्हणाला. "आतलं जड." त्याने ते पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी घंटेचा साचा परत करून तो पेठेतून फिरू लागला. दुकानादुकानात विचारू लागला, "बाहेरून हलका, पण आतून जड निघेल, असा साचा आहे का?"

कोणी हसलं, कोणी हाकललं. एक भांडीवाली मात्र म्हणाली, "आहे की. हा घे बाबा, मोदकाचा. हातात पिसासारखा. पण यातून निघतं ते असलं जड, माझ्या दिराला जेवणावरून उठवायला चौघं लागले."

गोंदाजीने साचा उघडून पाहिला. वरून निमुळता, खाली सपाट. सरकारांच्या पिस्तुलाची गोळी त्याने पाहिली होती. तीही वरून निमुळती, खाली सपाट. शंकेला जागाच नव्हती.

बयाजीने तो साचा हातात घेतला. उघडला, मिटला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "जावईबापू, सरकारांना कोंबडा पाडायचाय. त्याला जेवू घालायचं नाही."

"पण आतलं जड आहे, मामा. भांडीवालीच्या दिराला विचारा."

"शिशाचं हो! शिशाचं पाहिजे! आणि नीट बसलं पाहिजे! बसेल तेच आपलं, हलेल ते नको! कळलं?"

"एवढंच ना? आतलं जड, शिशाचं, आणि नीट बसलेलं."

"आणा तो मोदकाचा इकडे," अनसा म्हणाली. "चतुर्थीला होईल." तिने नवऱ्याच्या हातात भाकरीचं फडकं दिलं आणि हळूच म्हणाली, "अहो, या खेपेला चुकू नका. बाबा खरंच धाडतील तुम्हाला."

"चुकायचं कशाला? सांगतील तसंच करतोय मी."

"तेच भ्या वाटतंय," अनसा म्हणाली.

तिसऱ्या खेपेला हसनभाईने त्याला लांबूनच पाहिलं आणि घंटेच्या साच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"तो नको," गोंदाजी म्हणाला. "शिशाची गोळी दाखवा. बसते का बघायचंय."

हसनभाईला हायसं वाटलं. गिऱ्हाईक शहाण्यासारखं बोलू लागलं होतं. कुठली गोळी नळीत बसेल हे बघूनच साचा घ्यायचा असतो. त्याने प्रत्येक साच्यातून ओतलेली एकेक नमुन्याची गोळी फळीवर ठेवली.

गोंदाजी फळीपुढे वाकला. पहिल्या गोळीला म्हणाला, "बस."

ती घरंगळत खाली गेली.

दुसरी टोकदार होती. तिला उभी केली. "बस." तीही आडवी झाली. तिसरीचं बूड गोल होतं, ती डुलत राहिली. हसनभाई डोळे विस्फारून बघत होता. शेवटी गोंदाजीने एक आखूड, जाडजूड गोळी उचलली. तिचं बूड सपाट आणि नाकही चपटं. त्याने ती फळीवर टेकवली. ती बसली. फळीवर थाप मारली, तरी बसून राहिली.

"आत काय आहे?"

"शिसं."

"जड?"

"सगळ्यांत जड हीच. चपट्या नाकामुळे दणकाही देते, आणि आखूड असल्यामुळे पिस्तुलात अडकत नाही."

"ते मला नको सांगू," गोंदाजी म्हणाला. "बसली, झालं."

बयाजीने साचा पाहिला, उलटा केला, दिव्यापाशी धरला. नेमका हाच साचा त्याच्या मनात होता. उशीवरचा पाय खाली टेकवून त्याने त्याच रात्री गोळ्या ओतल्या. शिकारखान्यातल्या माणसांनी त्या काडतुसांत बसवल्या. सरावाला सरकारांनी चाप ओढला. कोंबडा पालथा पडला आणि ओट्याखाली गडगडत गेला.

"शाबास, जावईबापू!" बयाजी म्हणाला. लग्नानंतर तो पहिल्यांदाच असं म्हणाला होता. "अगदी सांगितलं तसं केलंत!"

गोंदाजीला नवल वाटलं. तो नेहमी तसंच करायचा. पण आता त्याची खात्री पटली, की ओतकामात शिकण्यासारख्या तीनच गोष्टी असतात, आणि त्या तिन्ही त्याला येतात.

दसऱ्याचा दिवस उजाडला. पाहुण्यांसमोर आपली गोळी कशी ओततात ते दाखवायचं, असं सरकारांच्या मनात आलं होतं. म्हणून शेगडी, कढई आणि शिशाचे ठोकळे घेऊन गोंदाजीला सकाळीच माळावर पाठवलं होतं. बयाजी मागाहून गाडीतून येणार होता.

माळावर वारा सुटला होता. जहागिरीचे कारभारी ओट्यावर कोंबडा उभा करत होते. तो वाऱ्याने पडत होता. ते पुन्हा उभा करत होते. तो पुन्हा पडत होता.

"अरे, तू ओताऱ्याचा जावई ना?" कारभारी वैतागून म्हणाले. "इकडे ये. हा कोंबडा जरा नीट बसव. हलता कामा नये. पाहुण्यांसमोर शोभा नको."

गोंदाजीने कोंबडा हातात घेतला. बाहेरून बरा होता, पण आतून अगदी पोकळ.

"आतलं जड नाही," तो म्हणाला. "बसेल कसा?"

त्याने शेगडी पेटवली. कढईत शिसं वितळवलं. कोंबड्याचे पाय ओट्याच्या फटीत रोवले आणि त्याच्या चोचीतून पोटात शिसं ओतलं. गळ्यापर्यंत ओतलं. उरलेलं पायांभोवती ओतून फट बुजवली. शिसं थंड झाल्यावर कारभाऱ्यांनी कोंबड्याला धक्का दिला. मग खांदा लावून दिला.

"वा! छान बसवलास रे!" ते म्हणाले आणि पाहुण्यांच्या सरबताची व्यवस्था बघायला गेले.

मानकरी आले, लोक जमले. पहिला मान दादासाहेबांचा. त्यांनी लांब बंदूक खांद्याला लावली. धडाड! टण्ण! कोंबडा उभाच. दादासाहेबांनी बंदुकीच्या नळीत डोकावून पाहिलं. पुन्हा बार काढला. टण्ण! कोंबडा त्यांच्याकडे बघत राहिला.

धाकट्या सरकारांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते पुढे झाले. पिस्तुलातून जड गोळ्या एकामागून एक सुटल्या. एकही चुकली नाही. कोंबड्याचे पंख चेपले, तुरा उडाला, छातीला खळगे पडले. पण तो उभाच.

गाडीत बसलेल्या बयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बायकांच्या घोळक्यात अनसाने पदर दातात धरला.

सरकार बराच वेळ कोंबड्याकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे दादासाहेब, यंदा कोणीच जिंकलं नाही. आम्ही हरलो नाही!" ते गाडीकडे वळून म्हणाले, "बयाजी, ओतशाळा उघडीच ठेव!"

बयाजीने श्वास सोडला. अनसाने पदर सोडला. सगळं निभावलं होतं. आता फक्त गोंदाजीने गप्प बसायला हवं होतं. पण तसं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"कोंबडा पडला कसा नाही, तेच कळत नाही," दादासाहेब पुटपुटले.

"मी सांगतो की," गोंदाजी पुढे होऊन म्हणाला. "पडेलच कसा? आतलं जड, शिशाचं, आणि नीट बसलेला. सकाळी मीच बसवलाय. मामांनी शिकवलंय मला."

कारभारी सरबताच्या घंगाळामागे खाली बसले.

सरकार कोंबड्याकडे बोट दाखवून ओरडले, "अरे, पण तो आम्हाला पाडायचा होता!"

"मग बसवायला कशाला सांगितलंत, सरकार?"

दादासाहेब पोट धरून हसू लागले. ते हसले तसे त्यांचे मानकरी हसले. मग सगळा माळ हसला. सरकारांचा चेहरा लालबुंद झाला. ते कडाडले, "माझ्यासमोरून तोंड काळं कर आधी!"

गोंदाजीने मान डोलावली. तो शेगडीपाशी गेला. विझलेल्या कोळशात दोन्ही हात घातले आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट फासले. कान राहिले होते, तेही फासले. मग परत येऊन सरकारांसमोर हात जोडून उभा राहिला.

"झालं, सरकार. मानही करू का?"

सरकारांनी घंगाळामागच्या कारभाऱ्यांना हाक मारून पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. ते ओट्यावर कोंबड्याशेजारी बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"बयाजी," ते म्हणाले, "ओतशाळाही तुझी, आणि हा माणूसही तुझाच. दोन्ही घेऊन जा."

बयाजीने गाडीतून अनसाला हाक मारली. "पोरी, तांब्याभर पाणी घे आणि याचं तोंड धू," तो म्हणाला. "आणि धुताना त्याला काही म्हणजे काही सांगू नकोस."