सपाट छपराचा महाल

"हुबेहूब सासऱ्यांच्यासारखा महाल पाहिजे! तसूभर फरक चालायचा नाही!" आंबेखोलचे रायाजीराजे सासुरवाडीहून परतले ते हेच बोलत.

सासुरवाडी वाळवंटातली. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाणीसुद्धा न पिता निघून जातो. तिथला महाल पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा, वर छप्पर सपाट, पुढे वीतभरही वळचण नाही. आणि आंबेखोल पडलं कोकणात! इथे आषाढात धुतलेलं धोतर श्रावणात वाळलं तर नशीब.

राजांचा जुना गवंडी भिवा मेस्त्री हात जोडून म्हणाला, "महाराज, छपराला जरासा उतार देऊ या."

"नाही!"

"निदान वळचण तरी..."

"सासऱ्यांकडे आहे वळचण? नाही ना? मग इथेही नाही! आणि ऐकून ठेव मेस्त्री, पावसाळ्यात आत एक थेंब जरी गळला, तर बिऱ्हाड उचलायचं आणि हद्दीबाहेर चालू लागायचं!"

जागाही राजांनीच ठरवली. पणजोबांचं घर होतं तिथेच. ते घर जांभ्या दगडाचं, उतरत्या कौलांचं, चारी बाजूंना ऐसपैस पडवी. बिचारं जन्मात कधी गळलं नव्हतं. पण सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, "जावईबापू, हा गोठा कुणाचा?" झालं! तेव्हापासून राजांना ते घर डोळ्यांसमोर नको होतं.

भिवा घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. पेज निवून गेली तरी त्याने हात लावला नाही. त्याची लेक आवडी घाबरली. बापाचा जन्म इथे गेला, आता उतारवयात त्याने कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? मग तिला रागच आला. ती तडक राजांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, महाल होईल. सासरेबुवांचा आहे अगदी तस्सा! पण महालाच्या बाहेर मी काय करीन त्यात कुणी आडकाठी करायची नाही."

"बाहेर काय करणार तू?"

"पाऊस कसा वागतो ते बघून ठरवीन."

"कर काय करायचं ते! माझ्या महालाला मात्र हात लागता कामा नये."

"बोटसुद्धा लावणार नाही!"

काम सुरू झालं. आवडीने गड्यांना दम भरला, "पणजोबांचं घर पाडायचं नाही, उतरवायचं!" चिरे, वासे, कौलं, सगळं मागच्या आंगणात रचून ठेवलं. पोरगी चिक्कू दिसते, असं राजांना वाटलं.

महाल उभा राहिला. थंडीत राजे गच्चीवर उन्हाला बसले आणि खूश झाले. उन्हाळ्यात तीच गच्ची तव्यासारखी तापली, तरी खूश. "सासऱ्यांकडेही अशीच तापते," ते म्हणाले. मृगाच्या तोंडावर सासऱ्यांना महाल दाखवायला आणावं म्हणून स्वारी निघाली. सासरे चिखलाला भिऊन आलेच नाहीत. राजे भर आषाढात एकटेच परतले, पार नखशिखांत भिजून.

बघतात तो महाल जाग्यावर नाही!

"माझा महाल कुठे गेला?" राजे ओरडले.

"आत आहे, महाराज," आवडी म्हणाली.

जांभ्याचे खांब, त्यांवर पणजोबांचेच वासे, पणजोबांचीच कौलं. खांब तेवढे उंच केलेले. छप्पर चारी बाजूंनी उतरत खाली आलेलं, त्याखाली जुनी पडवी, आणि या सगळ्याच्या पोटात संगमरवरी महाल कोरडा ठणठणीत बसलेला!

राजे आत गेले. भिंती चाचपल्या, छत न्याहाळलं. थेंब सापडेना. आत अंधार मात्र झाला होता, म्हणून ते बाहेर पडवीत आले. पुढे पागोळ्या गळत होत्या, वारा गार होता. राजे तिथेच टेकले, तिथेच जेवले, तिथेच झोपले. दुसऱ्या दिवशी दरबारही पडवीतच भरला. महालात आता फक्त मांजर निजायचं.

बऱ्याच दिवसांनी राजांना आठवलं, की आपल्याला रागवायचं आहे. त्यांनी बापलेकीला बोलावलं.

"पोरी, तू मला फसवलंस!"

"महालात थेंब गळला का, महाराज?"

"नाही."

"महालाचा एखादा दगड बदलला?"

"नाही."

"मग?"

"मग हा भलामोठा मांडव कसला घातलास?"

"मांडव नव्हे, महाराज. घर आहे."

"कुणाचं घर? मी तर महालात राहतो!"

"आपण महालात राहता, आणि महाल या घरात राहतो," आवडी शांतपणे म्हणाली. "आपल्याकडच्या पावसात डोक्यावर घर हे लागतंच, महाराज. मग तो महाल का असेना!"

राजांनी एकदा कौलांकडे पाहिलं, एकदा महालाकडे. महालाच्या दारातून मांजर जांभई देत बाहेर आलं आणि राजांच्या मांडीवर येऊन बसलं.

राजांना हसू फुटलं. थोडंथोडकं नव्हे, मांजर पळून गेलं इतकं! डोळे पुसत त्यांनी हातातले सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं, भिवाच्या डोक्यावर मानाचं पागोटं बांधलं आणि म्हणाले, "मेस्त्री, बिऱ्हाड राहू दे जागच्या जागी. उद्यापासून दुसऱ्या कामाला लागा. हा मधला महाल तेवढा काढून टाका. पण जपून हं! माझ्या घराला धक्का लागता कामा नये!"