जुईचं रिकामं आळं

आता ओळखू येणार नाही इतक्या बदललेल्या एका गावात सगू नावाची चिमुकली मुलगी राहायची. तिच्या घरी सगळं थोडं थोडं होतं: थोडी भाकरी, थोडं तेल, थोडा उजेड. माती मात्र मुळीच नव्हती. पत्र्याची एक खोली आणि पुढे फरशीची गल्ली. ठिगळाचा परकर सावरत सगू पाऊल न वाजवता चालायची, आणि कुणी शिंकलं तरी दचकायची.

गल्लीच्या टोकाला फुलबाग मंडळाची बाग होती. तिथं केशरी अबोली, निळीनिळी गोकर्ण, लुकलुकणाऱ्या थेंबांनी भिजलेला मोगरा. मंडळाची रीत जुनी. नव्या माणसानं आपल्या घरचं एक रोपटं आणून लावायचं, मगच त्याच्या हाती झारी यायची. सगूच्या घरी रोपटं कुठलं? ती कुंपणाशी उभी राहायची.

"आत ये की गं," वेणूमावशी म्हणायची. "उभ्या उभ्या मुळं फुटतील तुला."

वेणूमावशी एकतीस वर्षं ती बाग सांभाळत होती. संध्याकाळी बाकीचे घरी गेले, की शेवटचा तांब्या ती कोपऱ्यातल्या एका रिकाम्या आळ्यात ओतायची. सगूनं एकदा विचारलंच.

"माझ्या माहेरची जुई होती तिथं," मावशी म्हणाली. "एका उन्हाळ्यात विहीर आटली. तिच्या वाटणीचं पाणी मी बाकीच्यांच्या झाडांना घातलं. वाळली बिचारी. हाताची सवय मात्र गेली नाही बघ."

पुढे मावशीचे गुडघे कुरकुरू लागले आणि तिनं निरोप घ्यायचं ठरवलं. मंडळानं समारंभ योजला: शाल, श्रीफळ आणि बागेत तिच्या नावाचा दगडी बाक. बाकासाठी सगळ्या बागेत एकच जागा मोकळी दिसली. गवंड्यानं त्या रिकाम्या आळ्याभोवती फक्कीचा पांढरा चौकोन आखला.

सगूनं तो कुंपणातून पाहिला. सांगावं तर कुणाला, आणि कसं?

समारंभाच्या दिवशी, आणि आदल्या संध्याकाळीही, मावशीला बागेत येऊ दिलं नव्हतं. आळं कोरडं पडलं होतं. गुलबक्षी उमलायच्या वेळेला सगू हळूच आत शिरली आणि आपल्या बाटलीतलं पाणी तिनं आळ्यात ओतलं.

मातीतून एक बारीकशी शिंक आली.

सगू टुणकन मागे उडाली. ओल्या मातीवर अंगठ्याएवढी परी बसली होती. तिचे इवलेइवले पंख जुईच्या पाकळ्यांसारखे, कडेला फिकट गुलाबी, आणि त्यांवर चंदेरी चमचम.

"दचकलीस होय? मीही दचकले," परी म्हणाली. "मी जुईची परी. मावशीच्या तांब्यावर इतकी वर्षं तग धरून आहे. माझ्याजवळ एक इच्छा उरलीय, ती तुला देते. पण तिचे नियम आहेत. स्वतःसाठी मागायचं नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील त्याच्यासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं मागायचं."

"कानात सांगितलं तर?"

"कानात सांगितलेल्या इच्छेला कोंब फुटत नाही गं."

"मग तूच माग ना."

"परीला स्वतःसाठी मागता येत नाही. तो नियम आधी आमचाच."

संध्याकाळी माणसं जमली. मंडळाचे अध्यक्ष भालेरावकाका बरंच बोलले. मावशीला शाल पांघरली. मग काकांनी कौतुकानं तो चौकोन दाखवला. मावशी हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. तिचा रिकामा हात तांब्या धरल्यासारखा वळला होता. गवंड्यानं सिमेंटचं घमेलं उचललं.

"तिथं नको," कुणीतरी म्हणालं. तो आपलाच आवाज आहे, हे सगूला जरा उशिरा कळलं.

"कोण गं तू?" काका म्हणाले. "तिथं मातीशिवाय आहे काय?"

लोक हसले. सगूनं परकर मुठीत धरला. तिनं मावशीच्या हाताकडे पाहिलं.

"तिथं मावशीची जुई होती. तुम्ही सगळे गेलात, की मावशी रोज शेवटचा तांब्या तिथं ओतते. माझी इच्छा आहे, तिची जुई परत यावी."

माती हलली. एक हिरवा कोंब वर आला, वेल झाला, आणि पानापानाआड नाजूक कळ्या मिणमिणू लागल्या. मावशी कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसली. डोळे मिटून तिनं वास घेतला. "आमच्या परसातलाच आहे," ती पुटपुटली.

काकांनी घमेलं खाली ठेवायला लावलं. "एकतीस वर्षं आम्ही लवकर घरी जात होतो," ते हळूच म्हणाले.

मावशीनं आपली झारी सगूपुढे धरली. "घे. रोप आणलंस ना?"

"पण घरून नाही आणलं, मावशी."

"मग हे कुणाचं घर आहे?"

बाक शेवटी कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला बसला, सगू उभी राहायची तिथंच. मावशी त्यावर टेकली, आणि सगूनं शेवटचा तांब्या जुईला घातला. वेलीतून दुधाळ, चंदेरी उजेड उसळला. त्यात दोन पंख एकदा लुकलुकले आणि कळ्यांत विरून गेले.

जाता जाता एक बारीकशी शिंक आली. सगू अजिबात दचकली नाही.