धारेत उतरलेले मास्तर

फार वर्षांपूर्वी नदीकाठी पाणमांजरांची एक शाळा होती. तिथल्या भिवा मास्तरांच्या वर्गातली पिल्लं नदीच्या धारेत उतरायलाच तयार नसत. पालक चिडले. “मास्तर बदला!”

मुख्याध्यापिका रेवाबाई म्हणाल्या, “आधी मी वर्गात बसून बघते.”

मास्तर स्वतःच काठावरून शिकवत होते. बाईंनी एकटं गाठून विचारलं, तेव्हा ते खालमानेनं म्हणाले, “गेल्या पुरात वाहून गेलो होतो, बाई. तेव्हापासून धीर होत नाही.”

“मग उद्यापासून शाळेआधी आपण दोघं उतरू. मी सोडणार नाही तुम्हाला.”

महिनाभर बाई रोज मास्तरांच्या शेजारी पोहल्या. मग एके दिवशी अख्खा वर्ग मास्तरांमागून धार ओलांडून गेला. पालक बाईंचं कौतुक करू लागले.

“ते मास्तरांना सांगा,” म्हणत रेवाबाई शेजारच्या वर्गात जाऊन बसल्या.