ठकूबाईचं अभद्र बोलणं

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव मोठं बडबडं. पारावर बसून दिवसभर गप्पा हाणतील, शेजाऱ्याच्या म्हशीलासुद्धा नावं ठेवतील. पण कुणी कुठे जायला निघालं, की सगळ्यांची दातखीळ बसायची! निघताना वाईट बोलायचं नाही, असा तिथला रिवाज. 'पाऊस लागेल का हो?' एवढं जरी कुणाच्या तोंडून निघालं, तरी निघालेल्या माणसाला परत खाली बसवायचे, गुळाचा खडा नि पाणी द्यायचे, मग पुन्हा निघू द्यायचे. आणि बोलणाऱ्याला म्हणायचे, "कशाला नाट लावतोस रे मेल्या?"

त्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. रंगोजी तिचा नवरा आणि मैना ही एकुलती एक लेक. मैनेचं लग्न नुकतंच झालेलं. श्रावणात लेक-जावई पहिल्यांदाच राहायला आले. जावई दूरच्या कोरड्या मुलखातला, तिकडे विहिरीला पाणी लागलं तरी पेढे वाटतात. इथल्या अंगणातून त्याला डोंगरावरून पडणारी पांढरी धार दिसली आणि तो बघतच राहिला.

"मामा, तो धबधबा जवळून बघता येतो का हो?" त्याने आपलं सहज विचारलं.

"येतो म्हणजे? उद्याच जाऊ की!" रंगोजी म्हणाला. "सकाळी निघू, दिवस मावळायच्या आत घरी."

जावयाने मागावं आणि सासऱ्याने नाही म्हणावं, असं कुठे झालंय का? झालं! घरात तयारीची एकच धांदल उडाली. कोण काय उचलणार, कुठे बसून जेवायचं, सगळं ठरलं. आणि भाकऱ्या थापता थापता ठकूबाईने एक भाकरी करपवली.

कारण वाटेत ओढा होता, आणि ओढ्यावर साकव होता. साकव म्हणजे दोन ओंडके टाकून केलेला पूल. परवाच ती सरपणाला गेली होती. साकवावर पाय ठेवला तर ओंडका डुगडुगला. वाकून बघते, तर त्याच्याखालची माती वाहून गेलेली. ती तशीच मागे फिरली. घरी सांगायचं राहून गेलं, आणि आता सांगायची सोय उरली नव्हती. जावयाची पहिली सहल, तिला सासूनेच नाट लावायचा?

आता गंमत बघा. रंगोजीलाही झोप नव्हती. डोंगरापलीकडे काळं आभाळ दाटलेलं त्याने पाहिलं होतं. तिकडे रात्री पाऊस कोसळला, की सकाळी ओढ्याला अचानक लोंढा येतो, हे त्याला ठाऊक होतं. पण शब्द दिला होता ना! मैनेला वेगळीच धास्ती. नवऱ्याला पोहता येत नाही, वाहतं पाणी बघितलं तरी त्याला गरगरतं. आणि जावई? तो तर अंथरुणात उताणा पडून देवाचं नाव घेत होता. वाटेत ओढा ओलांडायचाय हे कळल्यापासून, उगीच विचारलं, असं त्याला झालं होतं. पण सासूबाईंनी एवढ्या भाकऱ्या केल्या, आता माघार कशी घ्यायची?

बोलायची बंदी होती, सोबत काही बांधून घ्यायची नव्हती. सकाळी ठकूबाईने भाकऱ्यांखाली दोर ठेवला. "दोर कशाला गं?" रंगोजीने विचारलं. "येताना लाकडं आणू," ती म्हणाली. रंगोजीने घरातली सगळ्यात लांब काठी घेतली. मैनेने नवऱ्याला हुंगवायला पदराच्या गाठीत लिंबू बांधलं. चौघंही हसत होती, आणि चौघांचंही हसू जरा जास्तच मोठं होतं.

साकव दिसला तशी ठकूबाईची पावलं रेंगाळली. सांगू की नको? सांगावं तर जावयासमोर शोभा होणार, गावभर 'अभद्र तोंडाची' म्हणून नाव होणार. न सांगावं तर... पुढचा विचारही तिला करवेना. तेवढ्यात रंगोजीने साकवाकडे पाऊल टाकलं. त्याच्यामागे मैना होती.

"थांबा!" ठकूबाई किंचाळली. "साकव मोडेल! वाहून जाल सगळे!"

रंगोजीचा चेहरा लालबुंद झाला. "अगं बाई, तुझ्या जिभेला काही हाड आहे की नाही! पाव्हण्यांच्या देखत असलं अभद्र?"

"बोला मला काय बोलायचं ते. ओंडक्याखाली माती नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या लेकीला मी त्याच्यावर पाय ठेवू देणार नाही!" ती रडायलाच लागली.

अभद्र बोलणं झालंच होतं, तेव्हा रिवाजाप्रमाणे बसणं आलं. चौघं ओढ्यापासून वर, एका खडकावर जाऊन बसली. गूळ फिरला, पाणी फिरलं. मग जावई मान खाली घालून म्हणाला, "मामी, खरं सांगू? मला रात्रभर भीती वाटत होती. मला पोहता येत नाही."

"मला ठाऊक होतं," मैना म्हणाली, "पण आईबाबांचा हिरमोड नको म्हणून गप्प बसले."

रंगोजीने काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "डोंगरामागं काल काळं दाटलं होतं. लोंढा येणार, हे मलापण कळत होतं."

त्याचं बोलणं पुरतं झालंही नाही, तोच वरून धडधड ऐकू आली. ओढ्याचं पाणी लाल झालं, फुगलं. साकवाचा एक ओंडका उचलला गेला, दुसरा त्याच्यामागे गेला. बघता बघता तिथे नुसतं पाणी राहिलं. मैनेने आईचा हात घट्ट धरला.

मग त्यांनी तिथेच शिदोरी सोडली. धबधबा लांबूनच दिसत होता. जावई दुसरी भाकरी घेत म्हणाला, "इथून फार छान दिसतोय!" आणि या वेळी सगळी खरोखर हसली.

गावात बातमी पोचली तशी पारावरची मंडळी ठकूबाईला म्हणाली, "तू अभद्र बोललीस, म्हणूनच साकव गेला!"

"जाऊ दे गेला तर," ठकूबाई म्हणाली. "साकव पुन्हा बांधता येईल. माझी माणसं घरी आली ना?"

मग चौघांनी मनात काय काय दडवलं होतं, ते रंगोजीने पारावर सांगून टाकलं. पुढे त्या गावाचा रिवाज थोडा बदलला. आता कुणी निघालं, की आधी सगळी खाली बसतात, ज्याच्या मनात जी भीती असेल ती तो बोलून टाकतो, आणि मग गुळाचा खडा तोंडात टाकून निघायचं की नाही ते ठरवतात.

तर पोरांनो, तात्पर्य एवढंच: आपल्या माणसाचा हिरमोड झाला तरी चालेल, पण धोका दिसत असताना भिडेपायी गप्प बसू नये.