आपले अडीच हात

एका चातुर्मासात मी नेम धरला होता. रोज कुणाला तरी एक कहाणी सांगायची, मगच आपलं पान वाढून घ्यायचं. पोथीतल्या कहाण्या श्रावणातच संपल्या, आणि चातुर्मास तर कार्तिकापर्यंत. मग फुलवाती वळता वळता सुचेल तशी सांगू लागले. त्यातलीच ही एक. सांगताना मी स्वतः दोनदा गोंधळले होते, तेव्हा ऐकताना तुम्ही गोंधळलात तर मनाला लावून घेऊ नका. जिची ही कहाणी आहे, ती बिचारी जवळजवळ शेवटपर्यंत गोंधळलेलीच होती.

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराच्या कुशीत दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. मध्ये मोठा माळ, आणि माळावर एक झरा. दोन्ही वाड्यांची गुरं त्या माळावर चरायची, म्हणून माळाची वाटणी दर वर्षी नव्यानं व्हायची. ती माणसांनी करायची नाही, देवीनं करायची, असा तिथला रिवाज होता.

चैत्री पौर्णिमेला खालच्या वाडीच्या एका माणसानं टेकाडावर उभं राहायचं. हातात टोलकाठी घ्यायची. टोलकाठी म्हणजे लांब दांडा आणि त्याच्या टोकाला लाकडाचा ठोकळा. त्यानं बाभळीच्या गाठीचा चेंडू एकदाच टोलवायचा. चेंडू जिथे पडेल तिथवर माळ खालच्या वाडीचा, उरलेला वरच्या वाडीचा. वर्षभर त्यात बदल नाही.

झरा टेकाडापासून शंभर पावलांवर होता. चेंडू त्याच्या पलीकडे गेला तर पाणी खालच्या वाडीचं. अलीकडे पडला तर खालच्या वाडीनं आपली गुरं दोन कोस लांब नदीवर न्यायची, तीही भर वैशाखात. वरच्या वाडीची माणसं काही वाईट नव्हती. पण त्यांच्याही दावणीला गुरं होती, आणि उन्हाळ्यात झऱ्याची धार करंगळीएवढी व्हायची.

खालच्या वाडीत एक धिप्पाड टोलकरी होता. त्याचा चेंडू झऱ्याच्या कितीतरी पुढे, आंब्याच्या झाडापर्यंत जायचा. पण त्या वर्षी तो बैलगाडीवरून पडला आणि त्याचा हात मोडला. पौर्णिमेला एक महिना उरलेला. मग देवीला कौल लावला. एकेकाचं नाव घ्यायचं, आणि ज्याच्या नावाला देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल पडेल तो यंदाचा टोलकरी.

पैलवानाचं नाव घेतलं, फूल हललं नाही. पाटलाचं घेतलं, हललं नाही. सगळ्या पुरुषांची नावं संपली. शेवटी टोलकऱ्याच्या धाकट्या वहिनीचं नाव घेतलं, आणि फूल टपकन पडलं.

ती त्या घरची सून, दिराच्या खांद्याएवढी, काटकुळी बाई. तिनं हात जोडले आणि मनात म्हणाली, "आई, तुझी काहीतरी गल्लत होते आहे."

देवळाच्या गाभाऱ्यात वाडीच्या मूळपुरुषाची टोलकाठी होती. तो पुरुष इतका उंच होता म्हणे, की देवळात शिरताना कमरेत वाकायचा. त्याच्यानंतरच्या प्रत्येक टोलकऱ्यानं तीच काठी घेतली. झिजली की तिच्याशेजारी ठेवून तंतोतंत तशीच दुसरी करायची. गुरवानं ती सुनेच्या हातात दिली आणि देवीसमोरचे शब्द म्हटले:

"काठी आपल्या हातानं अडीच हात, ठोकळा आपल्या मुठीएवढा, दांडा आपल्या गुडघ्यावर लवेल असा."

सुनेनं नमस्कार केला आणि सरावाला टेकाडावर गेली. काठी उगारली. काठी पुढे गेली आणि काठीमागोमाग सून स्वतःच गिरकी घेऊन खाली बसली. ठोकळा जमिनीत रुतला. चेंडू वीतभर सरकला.

वरच्या वाडीच्या बाया झऱ्यावर पाणी भरत होत्या. एक हसून ओरडली, "अगो, यंदा तुमची हद्द टेकाडाच्या पायरीपर्यंत का गं?"

घरी आल्यावर दिरानं समजावलं. "वहिनी, जोर लावा जोर. मी मारायचो तेव्हा दांडा कडाडायचा."

"भाऊजी, माझा खांदा कडाडला."

"मग अजून जोर लावा!"

दुसऱ्या दिवशी तिनं जोर लावला. चेंडू डावीकडच्या निवडुंगात गेला. शेजारीण म्हणाली, "ठोकळा जड करून घे. जड वस्तू लांब जाते." शेजारणीची जाऊ म्हणाली, "छे गं, हलका कर. हलकी वस्तू लांब जाते." दोघींनी देवीची शपथ घेतली. आता दोघींची शपथ खरी कशी असेल? सून विचार करत बसली, आणि चुलीवरची भाकरी करपली.

मग ती बाजाराच्या गावी गेली. तिथे एक दुकानदार टोलकाठ्या विकायचा. भिंतीला ओळीनं काठ्या लावलेल्या.

"ही बघा, राजाच्या टोलकऱ्याची असते तशी. दांडा सळईसारखा ताठ."

"ताठ असला म्हणजे काय होतं?"

"राजाच्या टोलकऱ्याचा चेंडू नदीपार जातो! आणि ही बघा, सरदारांची. हिचा दांडा लवतो."

"मग चांगला कोणता, ताठ की लवणारा?"

"दोन्ही चांगले. ही तिसरी बघा, ठोकळ्याचं तोंड आभाळाकडे वळलेलं. ही चौथी, तोंड अगदी सरळ. तुम्हाला कोणती आवडली?"

"मला सगळ्याच आवडल्या," सून म्हणाली, "आणि एकही कळली नाही."

रिकाम्या हातानं घरी आली. त्या रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. सासूनं एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"सूनबाई, काठी डोक्यात आणि डोकं आमटीत, असं चाललंय तुझं."

"आत्याबाई, मी तरी काय करू? जो तो वेगळं सांगतो. गोठ्यात तीन गाई गाभण आहेत. त्या दोन कोस कशा चालतील?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासूचं तोंड फटकळ होतं, पण मन तसं नव्हतं. ती म्हणाली, "बाजारातला माणूस विकायला बसलाय. जो करायला बसलाय त्याला विचार. सुताराकडे जा."

सुतार म्हातारा होता. ओसरीवर तासणी घेऊन नांगराचा फाळ बसवत होता. सून म्हणाली, "बाबा, टोलकाठी हवी. अडीच हात."

"कुणाचे हात?"

"आपले."

"आपले म्हणजे माझे?"

"नाही हो. आपले!"

"म्हणजे तुझे?"

"माझे कसे असतील? आपले. म्हणजे आमच्या मूळपुरुषाचे."

म्हाताऱ्यानं तासणी खाली ठेवली. "बाई, मी म्हातारा झालो, मला नीट सांग. तू म्हणालीस 'आपल्या हातानं जेव', तर मी कुणाच्या हातानं जेवायचं? माझ्या की तुमच्या मूळपुरुषाच्या?"

सुनेनं देवीचे शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. आपल्या हातानं. आपल्या मुठीएवढा. आपल्या गुडघ्यावर. लहानपणापासून ऐकलेले शब्द, पण ते आज कुणीतरी उलटे करून समोर ठेवल्यासारखे दिसले. तिनं आपला हात कोपरापासून बोटांपर्यंत पाहिला. तो तर मूळपुरुषाच्या हाताच्या पाऊणसुद्धा नव्हता.

"बाबा, मला काहीच कळेनासं झालंय."

"कळायची घाई नको. तू घरी तुरी झोडपतेस ना? कशी झोडपतेस ते दाखव."

त्यानं एक काटकी दिली. तिनं अंगणात उभं राहून तुरी झोडपल्या. तिथे तूर नव्हतीच, पण रोजची सवय; हात सावकाश वर गेला, कंबर वळली, आणि काटकी लयीत खाली आली. एकदा, दोनदा, दहादा. दमली नाही की गिरकी घेतली नाही.

सुतार बराच वेळ बघत राहिला. "झोका सुरेख आहे तुझा, पण सावकाश आहे. ताठ दांड्याला झटका लागतो, तो तुझ्या दिराकडे. तुला लवणारा दांडा हवा. तू सावकाश आणशील, तो स्वतः लवेल आणि शेवटी चेंडूला ढकलेल. आणि ठोकळ्याचं तोंड जरा आभाळाकडे ठेवू. तुझा चेंडू आपण होऊन वर जाणार नाही, त्याला उचलून द्यावं लागेल."

"मग बाजारातल्या काठ्या खोट्या?"

"खोट्या कशाला? त्या ज्याच्या त्याच्या खऱ्या."

त्यानं तिच्या हातानं अडीच हात मोजले. तिची मूठ पाहून ठोकळा तासला. वेताचा दांडा तिच्या गुडघ्यावर वाकवून पाहिला, आणि तो अलगद लवला.

ही गोष्ट वाडीत कळली आणि देवळात माणसं जमली. पाटील तांबडालाल झाला. "मूळपुरुषाच्या काठीला नाही म्हणायचं? देवी कोपली तर? गुरवबाबा, शब्द म्हणा."

गुरवानं शब्द म्हटले. सून हळूच म्हणाली, "बाबा, यातलं 'आपल्या' म्हणजे कुणाच्या?"

गुरव डोकं खाजवू लागला. "आपल्या म्हणजे... आपल्या सगळ्यांच्या. नाही, आपल्या मूळपुरुषाच्या. नाही... अगं, चाळीस वर्षं मी हे म्हणतोय, तू आता कशाला विचारलंस?"

तेवढ्यात सासू पुढे आली. पदर खोचलेला. "पाटील, तुमच्या मालकीणबाईंना कासार बांगड्या भरतो, तेव्हा मनगट कुणाचं दाबून बघतो? त्यांचं की त्यांच्या पणजीसासूचं?"

बाया फिसकन हसल्या. पाटलाची मालकीण सगळ्यात मोठ्यानं हसली. पाटील म्हणाला, "पण चेंडू अलीकडे पडला तर?"

"तर तिची काठी मी चुलीत घालीन," सासू म्हणाली. "पण आधी पडू तर द्या."

सुनेला मात्र अजून काही उमगलं नव्हतं. सुतार बरोबर असेल, पाटीलही बरोबर असेल. ती देवीपुढे बसली आणि म्हणाली, "आई, मला कळत नाही ते तुला कळतं. माझं चुकत असेल तर माझ्यावर रागव. मुक्या जनावरांवर रागवू नकोस."

पौर्णिमा आली. दोन्ही वाड्या माळाच्या कडेला उभ्या. सून टेकाडावर चढली. तिनं आपली लहानशी काठी उचलली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "ही काय, पळी घेऊन आली का?"

तिनं ते ऐकलं नाही. ती मनात तुरी झोडपत होती. हात सावकाश वर गेला. कंबर वळली. दांडा लवला, सरळ झाला, आणि ठक्क असा लहानसा आवाज आला. इतका लहान, की मागच्यांना वाटलं टोला चुकला.

चेंडू आभाळात गेला. उन्हानं सगळ्यांचे डोळे दिपले. कुणी म्हणे डावीकडे गेला, कुणी म्हणे उजवीकडे, कुणी म्हणे अजून वरच आहे. सून तर पायाशी शोधू लागली. मग गुरव पावलं मोजत निघाला. ऐंशी. नव्वद. शंभर. झरा ओलांडला, आणि सहा पावलं पुढे जाऊन तो खाली वाकला.

"हा इथे!"

दीर पुटपुटला, "माझा आंब्यापर्यंत जायचा." दोघेचौघे म्हणाले, "फक्त सहा पावलं?" सून पुन्हा गोंधळली. तिनं सासूला विचारलं, "आत्याबाई, कमी पडला का हो?"

"झरा चेंडूच्या अलीकडे आहे की पलीकडे?"

"अलीकडे."

"मग इथे काय उभी राहिलीस? चल, गुरं तहानलीत."

तेव्हापासून त्या वाडीत मूळपुरुषाच्या काठीला हळदकुंकू वाहायचं आणि टोलकऱ्यानं सुताराच्या अंगणात जाऊन आपला झोका दाखवायचा, असा रिवाज पडला. कुणाची काठी लांब झाली, कुणाची आखूड. वाडीच्या हातचा झरा त्यानंतर फार क्वचित गेला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या हातात शोभलेलं साधन आपल्या हाताच्या मापाचं नसेल, तर कितीही जोर लावला तरी ते आपलं काम करत नाही.

म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. उद्या कुणी तुमच्या हातात काही देईल, काठी देईल, काम देईल, एखादं मोठं कडक व्रतही देईल. ते भक्तिभावानं घ्या, कपाळाला लावा. पण उगारण्याआधी त्या सुनेसारखं सुताराच्या अंगणात उभं राहा, आपला झोका निवांत पाहा, आणि मग आपल्याच हातानं अडीच हात मोजा.