राजाच्या तोंडचं खोटं क्रियापद

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी रखमाजी मोतद्दार "आलो, सरकार!" म्हणाला आणि तिथंच त्याचं नशीब फिरलं.

म्हणाला खरा, पण आला कुठं? तो तबेल्यातच, घोडीच्या खुरात अडकलेला खडा काढत बसलेला! आणि इकडे राजवाड्याच्या पायरीवर राजे वीरधवल वाट बघत उभे. बघून बघून मिशा ताठ झाल्या त्यांच्या.

एरवी एवढ्यातेवढ्यावरून काही झालं नसतं. पण त्या महिन्यात महाराजांना व्याकरणाचं वेड लागलं होतं! शिकवायला शास्त्रीबुवा ठेवले होते. जेवायला बसले की महाराज ओरडायचे, "मी लाडू खातो! वर्तमानकाळ!" गिळला की, "मी लाडू खाल्ला! भूतकाळ!" मग परातीकडे बघून, "मी आणखी दोन खाईन! भविष्यकाळ!" मुदपाकखान्यात भाकऱ्या थापणारी सगुणा, म्हणजे रखमाजीची बायको, तिलासुद्धा हे ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

रखमाजी धापा टाकत आला, तसे महाराज कडाडले, "'आलो' म्हणजे कुठला काळ रे?"

"काळ? सकाळ, सरकार!"

"भूतकाळ! क्रिया पुरी झालेली असते त्यात! आणि तू तर तबेल्यात होतास! राजाशी खोटं बोललास. कर्ता तू, कर्म खोटं आणि क्रियापद... हद्दपार! दिवस मावळायच्या आत घाट उतरून चालता हो!"

सगुणाच्या कानावर हे गेलं तेव्हा तिचे हात पिठात होते. तशीच धावली, कडेवर तान्ही लेक चिमी. चिमीला नुकते वरचे दोन दात येत होते, अंग कोमट होतं आणि दिसेल ते चावायची. पदर, उलथनं, आईचा खांदा, काही सोडायची नाही. 'हिला घेऊन घाट उतरायचा? या थंडीत? आणि खाली आपलं आहे कोण?' सगुणा थेट महाराजांपुढं जाऊन उभी राहिली.

"सरकार, 'आलो' असं सगळेच म्हणतात हो! दूध उतू जायला लागलं की मी पण 'आले आले' म्हणते, तेव्हा कुठं मी आलेली असते? तुम्हीसुद्धा..."

"मी?" महाराज उसळले. "मी व्याकरण शिकलोय, बाई! माझ्या तोंडून एक तरी खोटं क्रियापद काढून दाखव. दिवस मावळायच्या आत! काढलंस तर नवरा सुटला. नाहीतर तूही जा त्याच्याबरोबर!"

झालं! दुपारी सगुणानं दारातून हाक मारली, "महाराज, पान वाढलंय! पुरणपोळी निवतेय!"

महाराज ताडकन उठले. "आ..."

शास्त्रीबुवा खोकले.

"आ...त्ता मी येत आहे!" महाराज म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवत जेवायला गेले.

मग तिनं अंगणातून आरोळी ठोकली, "पळा, पळा! हत्ती सुटला!"

महाराज धोतर सावरत जिन्याकडे सुटले, पण तोंडानं काय? "मी पळत आहे! मी जिना चढत आहे! मला धाप लागत आहे!" मागून शास्त्रीबुवा टाळ्या वाजवत, "वा! अचूक वर्तमानकाळ!"

ऊन कलायला लागलं. रखमाजीनं गाठोडं बांधलं. "चल गं," तो म्हणाला, "राजापुढं शहाणपण नको." सगुणानं चिमीला उचललं, तर तिनं कचकन खांद्याचा चावा घेतला.

"अगं बाई गं, मेले!" सगुणा किंचाळली. आणि एकदम थांबली. मग हसायलाच लागली! रखमाजीला वाटलं, काळजीनं हिचं डोकं फिरलं.

"चला, आधी सरकारांना नमस्कार करून येऊ!"

दरबारात महाराज सिंहासनावर पाय हलवत बसले होते. पायात सोन्याचा तोडा, चकचकीत. सगुणानं नमस्कारासाठी चिमीला खाली ठेवलं आणि डोकं जमिनीला टेकलं ते टेकलंच. चिमी त्या चकाकणाऱ्या तोड्याकडे रांगत गेली. तोडा काही तोंडात मावेना. शेजारचा अंगठा मावला!

"आई गं!" महाराज सिंहासनावर उभेच राहिले. "मेलो! मेलो! मेलो!"

सगुणानं हळूच मान वर केली. "सरकार, 'मेलो' कुठला काळ?"

"भूतकाळ!" महाराज सवयीनं ओरडले. "प्रथमपुरुष, एकवचन!"

"क्रिया पुरी झालेली असते ना त्यात?"

"अर्थात!"

शास्त्रीबुवांनी उपरणं तोंडात कोंबलं.

"मग आता सांगा, सरकार. हे खरं असेल तर आम्हाला सुतक लागलं. गेलेल्या राजाचा हुकूम पाळायचा कुणी? आणि खोटं असेल, तर माझे धनी सुटले! खरं की खोटं?"

महाराजांनी स्वतःला चिमटा काढून बघितला. जिवंत! आणि मग असे हसले, असे हसले, की मुकुट घरंगळत शास्त्रीबुवांच्या मांडीवर गेला.

"शास्त्रीबुवा, तपासा बरं! 'हिनं माझा अंगठा चावला.' कर्ता ही चिमुरडी, कर्म माझा अंगठा!"

"अगदी बरोबर, महाराज! कर्मणी प्रयोग!"

"कर्म माझं!" महाराजांनी कपाळावर हात मारला आणि पुन्हा हसत सुटले. रखमाजीची हद्दपारी गेली. सगुणाला जरीकाठी लुगडं मिळालं. आणि सोन्याचा तोडा? तो महाराजांनी पायातून काढून चिमीला दिला. "हा चाव, बाई! अंगठा सोड!"

दवंडीवाल्याला हाक गेली. "आलो, सरकार!" तो पार बाजारातून ओरडला आणि तंबाखू मळून, वाटेत दोघा-चौघांची खुशाली विचारून मग आला. महाराज मिशीतल्या मिशीत हसले. थोड्याच वेळात गावभर डफ वाजला:

"ऐका हो ऐका! आजपासून 'आलो' म्हणून मागनं आलं तरी चालतंय हो! ज्यानं ऐकलं त्यानं, ज्यानं नाही ऐकलं त्याच्या कानावर घाला होऽऽ!"